पायथ्याचे फोटो

पाटणकरांच्या घरातले जुने अल्बम कधीही उघडून बघा. मसुरी, नैनिताल, कटरा, रायगड, म्हणाल तिथले फोटो आहेत. जयंतराव शिखरावर कमरेवर हात ठेवून उभे, दोन्ही मुलं शिखरावर दात काढून उभी, सासूबाईसुद्धा घोड्यावर बसून देवीपर्यंत जाऊन आलेल्या. आणि हेमलता? हेमलता पायथ्याला. मागे डोंगर, पुढे बोचकी, मधे ही बाई, मांडीवर कुणाचा तरी स्वेटर. कधी धाकट्या अवनीला ताप, कधी सासूबाईंचे गुडघे, आणि काहीच नसलं तर सामान राखायला कुणीतरी हवंच की. ते कुणीतरी दरवेळी हेमलताच निघायची.

आता तुम्ही म्हणाल, बिचारी. बिचारी-बिचारी काही नव्हती ती. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिने संसार केला आणि बाजारातल्या कापडवाल्यांशी हिंदीत भांडून त्यांना घाम फोडला. पण डोंगराची गोष्ट आली की घरातली सगळी माणसं इतक्या सहज तिच्याकडे पिशव्या द्यायची की नाही म्हणायला वेळच मिळायचा नाही. साठीला आल्यावर मात्र तिने एक दिवस ते अल्बम मांडीवर घेतले आणि पान उलटता उलटता तिची तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात एकदा तरी मी वरून खाली बघणार, असं तिने ठरवलं, आणि कुणाला सांगितलं नाही.

तोवर क्वार्टर सुटलं होतं. जयंतराव केंद्र सरकारच्या मंत्रालयातून निवृत्त झाले आणि दोघं गुडगावच्या एका नव्या सेक्टरात, चौदाव्या मजल्यावर राहायला आली. चारी बाजूंना काचेचे टॉवर, मधे हिरवळ, फाटकावर गार्ड, आणि वीज मात्र मन मानेल तेव्हा. पहिल्याच उन्हाळ्यात हेमलता भाजीच्या पिशवीसकट लिफ्टमध्ये अडकली. जनरेटर सुरू होईपर्यंत काळोखात उभी राहिली, बाहेर आली आणि म्हणाली की या पेटीत पुन्हा पाय ठेवणार नाही. जयंतराव म्हणाले, चार दिवसांत उतरेल हे खूळ. ते उतरलं नाही. पहिल्यांदा तिला पाचव्या मजल्यावर बसावं लागलं, मग नवव्यावर, मग बसावंच लागेना. वर्षभरात ती भाजी घेऊन घरी यायची, पिशवी दाराशी ठेवायची आणि हौसेने आणखी वर गच्चीपर्यंत जाऊन यायची.

सेक्टरात मराठी मंडळ होतं. दिवाळीच्या फराळाला मंडळाने जाहीर केलं की येत्या मे महिन्यात उत्तराखंडातल्या एका खिंडीपर्यंत ट्रेक न्यायचा. हेमलताने हात वर केला. जयंतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने मोटारसायकल मागितली.

ट्रेकचा सगळा कारभार यतीनकडे होता. हा सायबर सिटीत नोकरी करणारा तिशीतला मुलगा, स्वभावाने चांगला, पण मोबाइलवर दिसल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी आपण रोज चालतो अशी थाप मारली होती, आणि निम्म्या वाटेवरून त्यांना खेचरावर घालून आणताना सगळ्यांनाच परतावं लागलं होतं. तेव्हा यंदा यतीनने नियम केला. सगळ्यांनी फोनवर एकच ॲप घ्यायचं. चालायला लागलं की सुरू करायचं, थांबलं की बंद. जीपीएस आपोआप रस्ताही काढतं आणि चढाईही मोजतं. संक्रांतीपर्यंत ज्याच्या नावावर दोन हजार मीटर चढाई दिसेल तो येणार, बाकीच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

हेमलताला हा नियम पसंत पडला. थापाड्यांना चाप बसायलाच हवा होता. अवनीने दिलेला फोन तिने कमरेला पाकिटात बांधला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दोनदा गच्ची गाठू लागली.

आठवडाभराने यादी आली. हेमलताच्या नावापुढे चढाई तीन मीटर. नकाशात तर तिचा रस्ता असा काही निघाला होता की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई पोहण्याच्या तलावावरून चालत गेली, शेजारच्या टॉवरची भिंत फोडून बाहेर आली आणि हायवेवर एक चक्कर मारून परतली. मंडळातल्या मुलांनी तिची खूप चेष्टा केली. ती यतीनकडे गेली. त्याने शांतपणे समजावलं की जिन्यात आकाश दिसत नाही, सॅटेलाइटचा सिग्नल येत नाही, तेव्हा जिना धरता येणार नाही. बाहेर चढा, अरवलीच्या टेकडीवर जा. आता टेकडी कुठे, तर फरिदाबादच्या रस्त्याला, किकरच्या म्हणजे बाभळीच्या रानात. मंडळाचा घोळका रविवारी जायचा तेव्हा ती गेली आणि धडधाकट चढून आली. पण रोज एकटीने त्या रानात जा म्हणून कुणी म्हणेना, आणि एका रविवारच्या टेकडीवर दोन हजार मीटर व्हायचे नव्हते.

"काकू, तुम्ही चढत असाल, मी खोटं कुठे म्हणतोय," यतीन म्हणाला. "पण ॲपमध्ये नाही, तर मी काय करू? सगळ्यांना एकच रूल."

एकच रूल तर एकच रूल. हेमलता जिना चढत राहिली. यादी दर रविवारी येत राहिली, आणि त्या यादीत वरवर सरकणारं एक नाव बघून तिला घास गिळेना. ते नाव होतं जयंत पाटणकर.

जयंतरावांनी ॲप घेतलं होतं ते ग्रोव्हरच्या नादाने. ग्रोव्हर म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले. सकाळी दोघं फिरायला म्हणून खाली उतरायचे, ॲप सुरू करायचे, हिरवळीला अर्धी फेरी घालायचे आणि दोन टॉवरच्या मधल्या बाकावर बसायचे. मग सरकार, शेअर बाजार आणि गुडघेदुखी यांचा समाचार घेऊन नाश्त्याच्या वेळी वर यायचे, लिफ्टने. चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून हेमलताला तो बाक स्वच्छ दिसायचा. नवऱ्याचं टक्कल तिथून हलताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि यादीत ते टक्कल हिमालय चढत होतं.

तिने विचारलं तेव्हा जयंतराव म्हणाले, "अगं, मी चालतो थोडाफार. आणि मशीन कशाला खोटं बोलेल? मशीनची आणि माझी काय ओळख?"

कोडं उलगडलं ते भज्यांमुळे. एका दुपारी ती गच्चीवरून उतरली, फोन बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवला आणि ॲप बंद करायला विसरून भजी तळायला गेली. तळून आली तेव्हा फोनवरची चढाई वाढलेली होती. तुळस जागच्या जागी, फोन जागच्या जागी, आणि आकडा मात्र चढून बसलेला. तिने समोरच बसून बघितलं. फोनला वाटायचं, आपण दोन मीटर वर गेलो. मग वाटायचं, तीन मीटर खाली आलो. मग पुन्हा वर. खाली आलेलं तो चढाईतून वजा करीत नव्हता, वर गेलेलं मात्र झोळीत टाकत होता. काचेच्या टॉवरांमधे तर त्याला काहीच धड कळत नसावं. हेमलता हसली आणि मग तिला रडू आलं. रडू फोनचं नव्हतं. मी जिन्यात घाम गाळला ते शून्य आणि हा माणूस बाकावर बसला तो पर्वत, याचं होतं.

जयंतरावांना तिने बाल्कनीत उभं करून सगळं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळलं, अगदी बिल्कुल कळलं, हे तिला त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून समजलं. पण ते म्हणाले, जाऊ दे ना हेमा, कुणाचं काय बिघडतंय. मी काही ट्रेकला जाणार नाही. संक्रांतीला मंडळ पहिल्या नंबरवाल्याचा सत्कार करणार आहे, तेवढा होऊ दे. नोकरीत आपल्याला कधी कुणी हार घातला का? निवृत्तीच्या दिवशीसुद्धा साहेब मीटिंगला गेले होते.

इथे तिचं मन दोन्हीकडून ओढलं गेलं, खोटं कशाला सांगू. हा माणूस वाईट नव्हता. उभी हयात त्याने दुसऱ्यांच्या फाइली पुढे सरकवल्या आणि स्वतः मागे राहिला. त्याला एक शाल मिळाली असती तर तिला काय जड होतं? पण ती शाल मिळाली की फोन खरा ठरणार होता, आणि फोन खरा म्हणजे तिचे जिने खोटे. मे महिन्यात मंडळ डोंगर चढणार आणि ती पुन्हा पायथ्याला, नाही, या वेळी तर पायथ्यालाही नाही, थेट गुडगावात.

"अहो," ती म्हणाली, "संक्रांतीपर्यंत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. चारचौघांत सांगेन, आणि मग मला बोल लावू नका."

त्यांनी सांगितलं नाही. शालीचा मोह मोठा असतो.

संक्रांतीचा कार्यक्रम भर दुपारी टॉवरांच्या मधल्या हिरवळीवर होता. थंडीतलं ऊन, बायका काळ्या साड्यांत, टेबलावर गणपतीची मूर्ती, तिच्यापुढे तिळगुळाचे डबे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हेमलता आपला फोन घेऊन यतीनकडे गेली. म्हणाली, बाबा रे, जरा हे शून्यावर आणून सुरू करून दे, माझ्याकडून काहीतरी चुकतं. यतीनला बरं वाटलं. काकू रुसवा सोडून पुन्हा प्रयत्न करतायत असं समजून त्याने आनंदाने ॲप सुरू करून दिलं. मग तिने फोन त्याच्याच हाताने गणपतीशेजारी टेबलावर ठेवायला लावला आणि सांगितलं की आता याला कुणी हात लावायचा नाही, देवाजवळ आहे. मंडळाच्या अध्यक्षा वृंदावहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, असू दे, असू दे.

मग स्वागतगीत झालं. मुलांनी नाच केले. वृंदावहिनींनी भाषण केलं, आणि वृंदावहिनींचं भाषण म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. सूर्य एका टॉवरमागे गेला आणि दुसऱ्याच्या कडेने बाहेर आला. शेवटी सत्काराची वेळ झाली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तरुणांना लाजवणारे, मंडळाचे सर्वांत मोठे गिर्यारोहक, असं काय काय म्हणत यतीनने जयंतरावांना पुढे बोलावलं. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. टाळ्या पडल्या. जयंतरावांनी हेमलताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हेमलता उठली. माईककडे ती गेलीच नाही, टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"यतीन, मघाशी हा फोन तूच शून्यावर आणलास. तूच इथं ठेवलास. आता त्यात चढाई किती दिसते ते मोठ्यानं वाच."

यतीनने फोन उचलला. तो बघतच राहिला. वृंदावहिनी म्हणाल्या, वाच ना रे.

"एक्केचाळीस मीटर," तो म्हणाला.

"ती माझी नाही. मी खुर्चीत होते. टेबलाची आहे. टेबल ट्रेकला येणार असेल तर त्याचंही नाव घाल यादीत."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं कुणी, मग सगळी हिरवळच हसली. यतीनचा चेहरा लाल झाला. तो घाईघाईने सांगू लागला की काकू, फोनला उंची नीट कळतच नाही, रस्त्यात चुकतो त्याहून उंचीत जास्त चुकतो, टॉवरवर सिग्नल आपटून येतात, थोडं इधर-उधर होणारच. हे सगळ्यांनाच माहीत असतं.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"म्हणजे, थोडंफार."

"मग थोडंफार चुकणाऱ्या फोनला तू देव मानलंस, आणि रोज तुझ्या दारावरून जिना चढणाऱ्या बाईला शून्य दिलंस. तुझ्या घराचं दार सहाव्या मजल्यावर जिन्यालाच लागून आहे. मला चढताना तू कितीदा बघितलंयस, सांग सगळ्यांना."

यतीनने फोन परत टेबलावर ठेवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी गत. त्याने तिला खरंच पाहिलं होतं. दूध घ्यायला दार उघडलं की काकू वर निघालेल्या असायच्या, आणि तो हसून गुड मॉर्निंग म्हणायचा.

आता सगळ्यांच्या नजरा शालीकडे वळल्या. जयंतराव नारळ दोन्ही हातांत धरून उभे होते. हेमलताने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तिला जे सांगायचं होतं ते टेबलाबद्दल सांगून झालं होतं, बाकाबद्दल बोलायला तिची जीभ उचलेना. क्षणभर तिला वाटलं, उगीच उठलो आपण, घरी जाऊन या माणसाला तोंड कसं दाखवायचं.

"माझंही टेबलासारखंच आहे," जयंतराव म्हणाले. आवाज बसला होता, पण ऐकू गेला. "मी समोरच्या बाकावर बसून असतो. ग्रोव्हरला विचारा. ही वर गच्चीवर जाते ते खरं आहे. मला सगळं ठाऊक होतं, मी बोललो नाही."

त्यांनी शाल काढली, नीट घडी घातली आणि नारळासकट टेबलावर गणपतीपुढे ठेवली. कुणी हसलं नाही.

वृंदावहिनींना असं काही झालं की गोड बोलून पांघरूण घालायची सवय. त्यांनी लगेच जाहीर केलं की हेमलतावहिनी ज्येष्ठ आहेत, त्यांना नियमातून खास सूट, त्या ट्रेकला येणार. टाळ्या वाजवायला लोकांनी हात उचलले, तेवढ्यात हेमलता म्हणाली की सूट नको.

"सूट घेऊन गेले तर प्रत्येक वळणावर तुम्ही मागे वळून बघाल, म्हातारी येते का म्हणून. मला तसं जायचं नाही. ज्याला ज्याला मे महिन्यात यायचंय त्यानं आत्ता माझ्याबरोबर गच्चीपर्यंत चढावं. फोन खाली ठेवून. कोण चढलं ते आपण आपल्या डोळ्यांनी बघू."

आणि खरंच सगळे निघाले. बावीस मजले, पण संक्रांतीचा उत्साह, शिवाय मागे कोण राहणार? साड्यांचे काचे मारले गेले, कोट उतरले. जिन्याच्या दाराशी प्रश्न आला की पर्स, फोन, डबे, उंच टाचांच्या चपला, हे सगळं ठेवायचं कुठे. नेहमीच्या सवयीने दोघीतिघींनी आपापल्या पिशव्या हेमलताकडेच पुढे केल्या, आणि तिचा हातही सवयीनेच पुढे झाला. तो हात मधेच थांबला, कारण कुणीतरी त्या पिशव्या अलगद काढून घेतल्या.

"इकडे द्या सगळं," जयंतराव म्हणाले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. "मी सांभाळतो. तू जा, हेमा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस-तीस पर्स, स्वेटर, चपला यांच्या मधे बसलेला नवरा. ती एवढंच म्हणाली की माझ्या पिशवीत तिळगूळ आहे, आडवी करू नका. मग ती चढायला लागली.

कोण कितव्या मजल्यावर बसलं ते आता उगाळत नाही. यादीतली बरीच बडी नावं पायऱ्यांवर दम खात होती एवढं सांगते. यतीन वरपर्यंत आला, चांगला चढला, आणि गच्चीवर येऊन त्याने हेमलताला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, नमस्कार राहू दे, यादी दुरुस्त कर. वरून सेक्टर, क्रेन, धुरकट हायवे आणि पलीकडे अरवलीची काळसर रेघ दिसत होती. हेमलता कठड्याला धरून ते सगळं बघत राहिली. खूप काही उंच नव्हतं ते, पण ती वरून बघत होती.

मे महिन्यात मंडळ उत्तराखंडात, खिंडीखालच्या शेवटच्या गावात पोचलं. जयंतरावही आले होते, सामान राखायला म्हणून, स्वतःहून. सकाळी निघताना सगळ्यांनी जादाचे बोजे एका चहाच्या टपरीपुढे आणून टाकले आणि जयंतराव त्यांच्या मधे खुर्ची टाकून बसले, मांडीवर हेमलताचा स्वेटर. मागे बर्फाचा डोंगर होता. पुढच्या घोळक्यातून यतीनने हाक मारली, काकू, चलो. हेमलता दोन पावलं गेली आणि परत फिरली. तिने फोन काढून नवऱ्याचा फोटो घेतला. मागे डोंगर, पुढे बोचकी, मधे जयंतराव.

"अल्बममध्ये लावणार आहे," ती म्हणाली.

जयंतराव हसले. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी विचारलं की ॲप सुरू केलंस का, एवढा मोठा डोंगर, नोंद तर राहायला हवी. हेमलताने फोन त्यांच्या हातात ठेवला.

"हा राहू दे तुमच्यापाशी. हा बसल्या जागी चढतो. मला चालत जायचंय."